साखरेचे साक्षीदार

रोग आला ही वार्ता पूर्वी मनुष्याला त्याचे शरीर सांगत असे. हल्ली ती कागद सांगतो. ताप चढावा, अंग मोडून यावे, अन्नावरची वासना उडावी आणि मग घरातल्या वडील माणसाने डॉक्टरला बोलावणे धाडावे, हा क्रम माझ्या आजोबांच्या वेळचा. आता भूक उत्तम लागत असता, झोप गाढ येत असता आणि जिना चढताना धापही लागत नसता एके दिवशी एक कागद हाती येतो. त्यावर आपले नाव असते, नावाखाली एक आकडा असतो, आणि आकड्याच्या शेजारी वर तोंड केलेला एक लहानसा बाण असतो. त्या बाणाने भलेभले घायाळ होतात.

मधुमेहाच्या बाबतीत असे होण्याला सबळ कारण आहे हे मान्य केले पाहिजे. दुसऱ्या प्रकारचा मधुमेह, म्हणजे बहुधा प्रौढपणी आणि दबक्या पावलांनी येणारा, हा मोठा अबोल पाहुणा आहे. तहान लागणे, वरचेवर लघवीस जावे लागणे, वजन उतरणे ही त्याची लक्षणे आपल्या प्राचीन वैद्यांना ठाऊक होती. मधुमेह्याच्या मूत्राला मुंग्या लागतात हे निरीक्षणही त्यांचेच. लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सनने १७७६ साली अशा रोग्याच्या मूत्राप्रमाणे रक्तही गोड असते हे दाखवून दिले. परंतु ही लक्षणे उघड होईपर्यंत पाहुण्याने कित्येक वर्षे बिऱ्हाड केलेले असते, आणि डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे, पायांच्या नसा यांची मोडतोड सुरू झालेली असते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांत देशातील मधुमेह्यांची संख्या १० कोटी १० लाख आणि त्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांची १३ कोटी ६० लाख धरली आहे. तेव्हा रक्त तपासावे की नाही, हा वाद आता उरलेला नाही. कोणत्या रीतीने तपासावे हा प्रश्न मात्र उरतो, आणि त्याकडे आमच्यासारख्या शिकल्यासवरल्या वस्तीचेही किती थोडे लक्ष आहे हे गेल्या वर्षी घरच्याच एका प्रकरणात मला पाहावयास मिळाले.

मी खराडीस राहतो. १९९७ साली हे गाव पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले, तोवर ते मुळा-मुठेच्या काठचे शेतीचे गाव होते. ज्या जमिनीत लोक दिवसभर वाकून काम करीत, त्याच जमिनीवर उभारलेल्या काचेच्या मनोऱ्यांत आता लोक दिवसभर बसून काम करतात. आणि पुष्कळदा रात्रीही करतात, कारण त्यांचे साहेब तिकडे अमेरिकेत जागे असतात. अशा वस्तीत मधुमेहाची धास्ती असणे साहजिक आहे. आमच्या सोसायटीत वर्षातून एकदा रविवारी सकाळी रक्ततपासणीचे शिबिर भरते. एखादी प्रयोगशाळा सवलतीच्या दरात माणसे पाठवते, सभागृहात टेबले मांडली जातात, आणि रक्त दिलेल्यांसाठी बाहेर उपमा व चहा तयार असतो. गेल्या वर्षी या शिबिरात मधुमेहासाठी एकच तपासणी ठेवली होती: एचबीएवनसी, म्हणजे जिला लोक 'तीन महिन्यांची साखर' म्हणतात ती. तिला उपाशी राहावे लागत नाही, वाट पाहावी लागत नाही, आणि आदल्या रात्री खाल्लेल्या श्रीखंडाने ती बिथरत नाही. एवढे गुण एका ठिकाणी असल्यावर ती लोकप्रिय न होती तरच नवल.

माझी पुतणी नोकरीनिमित्त आमच्याकडे राहते. वय सव्वीस, अंगाने बारीक, कामाला वाघीण. तिनेही कुतूहलाने हात पुढे केला. संध्याकाळी कागद आला, म्हणजे फोनच्या काचेवर उमटला: ६.०, वर बाण, आणि खाली तांबड्या अक्षरांत 'मधुमेहपूर्व अवस्था'. त्याच सुमारास तिच्या लग्नाची एका ठिकाणी बोलणी चालू होती. दोन्ही घरांनी एकमेकांस आरोग्याचे कागद दाखवावेत असे मुलाकडच्यांनीच सुचवले होते, आणि ही कल्पना मला स्वतःला पत्रिका पाहण्यापेक्षा पुष्कळच बरी वाटली होती. कागद गेला. चार दिवसांनी साताऱ्याहून धाकट्या भावजयीचा फोन आला. "भाऊजी, त्या लोकांनी विचारलंय, मुलीला डायबेटिस आहे का म्हणून. आमच्या घरात सात पिढ्यांत कोणाला नाही हो!" सात पिढ्यांची साखर कोणी मोजली होती, हे मी अर्थातच विचारले नाही.

आमचे डॉक्टर जुन्या वळणाचे आहेत. त्यांनी तो कागद बाजूला ठेवला, मुलीला खिडकीशी उभे केले आणि तिची खालची पापणी ओढून पाहिली. मग म्हणाले, "हिचं हिमोग्लोबिन कोणी पाहिलं आहे का?" कोणीच पाहिले नव्हते. ते पाहिले तेव्हा ९.४ निघाले, बाईमाणसाच्या रक्तात ते १२ च्या खाली नसावे असा संकेत आहे. डॉक्टर म्हणाले, "आता साखरेचं मला हिचं हे माप चालणार नाही. दुसरं घ्या." एका रक्तातील साखरेची मापे निरनिराळी असू शकतात, आणि त्यांतले एखादे एखाद्या माणसाला लागू पडत नाही, ही गोष्ट माझ्या मनात तेथून घोळू लागली.

रूढ मापे तीन आहेत आणि तिघांचे प्रश्न वेगळे आहेत. उपाशीपोटीची साखर ही रात्रीच्या पहाऱ्याची हकीकत सांगते. आठ तास पोटात काही गेलेले नसता यकृत आपल्या कोठारातून साखर सोडत असते, आणि तीवर इन्सुलिनचा लगाम कितपत आहे, एवढेच त्यावरून कळते. दर डेसिलीटरमागे १२६ मिलिग्रॅम वा अधिक भरली तर मधुमेह. दुसरी परीक्षा साखरपाण्याची. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत प्यावयाचे आणि दोन तास स्वस्थ बसून पुन्हा रक्त द्यावयाचे. येथे स्वादुपिंडावर एकाएकी कामाचा बोजा टाकून ते त्याला कसे तोंड देते हे पाहिले जाते. दोन तासांनी २०० वा अधिक असेल तर मधुमेह, १४० पासून १९९ पर्यंत उंबरठा. तिसरी एचबीएवनसी. रक्तातल्या तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला साखर चिकटते आणि चिकटली की सुटत नाही. पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे, म्हणून शेकडा किती हिमोग्लोबिनला साखर लागली आहे यावरून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. ६.५ टक्के वा अधिक म्हणजे मधुमेह. मधुमेह्यांच्या रक्तात हे हिमोग्लोबिन वाढलेले असते, ही गोष्ट १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तेहरानमध्ये सॅम्युएल रहबर यांच्या ध्यानी आली.

या तिघींची तुलना करताना बहुतेक लोक 'सर्वांत अचूक कोणती' असे विचारतात. पहिल्या साक्षीदाराने चोराला रात्री पाहिले, दुसऱ्याने झटापटीत पाहिले, आणि तिसरा म्हणतो, मी पाहिले नाही पण तीन महिन्यांची खातेवही माझ्यापाशी आहे. तिघेही खरे बोलत असून तिघांच्या जबान्या जुळत नाहीत असे होऊ शकते, आणि होतेही. एकीने पकडलेली माणसे दुसरीला निर्दोष वाटतात, दुसरीने पकडलेली तिसरीला.

शिवाय या रेघा कोणी आखल्या, हेही पाहण्यासारखे आहे. मी जन्मभर उत्तरपत्रिका तपासत आलो आहे. ३५ गुणांस उत्तीर्ण आणि ३४ गुणांस अनुत्तीर्ण, या एका गुणाच्या अंतरात मुलाच्या बुद्धीत काही फरक पडतो असे कोणताही शहाणा परीक्षक म्हणणार नाही. पण रेघ कोठेतरी ओढावीच लागते. साखरेचेही तसेच आहे. १९९७ पर्यंत उपाशीपोटी १४० ही मधुमेहाची रेघ होती. त्या वर्षी अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने ती १२६ वर आणली, आणि आदल्या रात्री निरोगी म्हणून झोपलेले असंख्य लोक सकाळी रोगी म्हणून उठले. २००३ साली त्याच संस्थेने उंबरठ्याची रेघ ११० वरून १०० वर उतरवली; जागतिक आरोग्य संघटनेने मात्र ती ११० वरच ठेवली. म्हणजे १०४ साखर असलेला गृहस्थ वॉशिंग्टनच्या मते आजारी आणि जिनिव्हाच्या मते धडधाकट! एचबीएवनसीला निदानाचा अधिकार अमेरिकनांनी २०१० साली दिला, जागतिक संघटनेने २०११ साली. अमेरिकनांचा उंबरठा ५.७ पासून सुरू होतो. २००९ साली एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसमितीने तो ६.० पासून धरला होता. या रेघा मनास वाटेल तशा ओढलेल्या नाहीत, हे मात्र न्यायाने सांगितले पाहिजे. ज्या आकड्याच्या पलीकडे डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाच्या खुणा दिसू लागतात, तो आकडा पाहून मधुमेहाची रेघ ठरवली आहे. उंबरठ्याच्या रेघेला असा भक्कम आधार नाही. तेथे धोका चढणीच्या रस्त्यासारखा हळूहळू वाढत जातो आणि मैलाचा दगड कोठे रोवावयाचा हा मतभेदाचा विषय होतो.

आता खातेवहीकडे वळू. खातेवही खरी ठरावयाची तर तिची पाने ठराविक वेळी बदलली पाहिजेत. शरीरात लोहाची उणीव झाली की नव्या पेशी मंदावतात, जुन्या पेशींचा भरणा राहतो, आणि जुन्या पेशींवर साखर अधिक दिवस साचलेली असल्यामुळे प्रत्यक्ष साखर वाढलेली नसताही आकडा फुगतो. उलट रक्तस्राव झाला, तांबड्या पेशी अकाली फुटू लागल्या, तर पाने लवकर फाटतात आणि आकडा खोटा खाली येतो. गडचिरोली, नंदुरबार यांसारख्या जिल्ह्यांत आदिवासी समाजांत सिकलसेलचा विकार आढळतो. तेथे या परीक्षेवर विसंबणे उघडच धोक्याचे.

ही गोष्ट केवळ पुस्तकी नाही, आणि तिचा एक चांगला पुरावा आमच्या पुण्यातच तयार झाला आहे, याचा मला पुणेकर म्हणून थोडा अभिमान वाटतो. रास्ता पेठेतील केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी कित्येक वर्षे मधुमेहाचा अभ्यास करीत आले आहेत. जन्मापासून ज्यांच्यावर त्यांनी नजर ठेवली होती अशी ११६ मुले तरुण झाल्यावर त्यांनी दोन्ही रीतींनी तपासली. तो निबंध 'डायबेटिस केअर' या नियतकालिकात २०१२ साली प्रसिद्ध झाला. साखरपाण्याच्या परीक्षेत शेकडा ७.८ उंबरठ्यावर निघाले. त्याच मुलांची एचबीएवनसी पाहिली तर शेकडा २३.३! मधुमेही मात्र दोन्हींकडे सारखेच, शेकडा २.६. म्हणजे उंबरठ्यावरची गर्दी एका परीक्षेत होती त्याच्या तिप्पट दुसरीत दिसली. या मुलांत शेकडा ३४ जणांना रक्तक्षय होता, ३७ जणांत लोह कमी होते, ४० जणांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. एचबीएवनसीचा आकडा साखरेबरोबर चढत होता हे खरे; पण हिमोग्लोबिन उतरले की तेवढ्यानेही तो चढत होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीप्रमाणे देशातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. अशा देशात बायकांना उपम्याची बशी हाती देऊन फक्त एचबीएवनसी करणे, आणि तिच्या जोडीला साधे हिमोग्लोबिनही न पाहणे, याला काय म्हणावे? मुली जेवत नाहीत, जेवल्यावर लागलीच चहा पितात, महिन्यामहिन्याला लोह गमावतात, आणि त्यांच्या उपासमारीला आपण गोडाचा रोग असे नाव देऊन मोकळे होतो.

एवढ्यावरून कोणी खातेवही जाळून टाकावी असे म्हणेल तर तेही बरोबर नाही. आमच्या डॉक्टरांनीच दुसरी बाजू मला सांगितली. नळीत काढून ठेवलेल्या रक्तातील पेशी साखर खात राहतात. वेळीच रक्त वेगळे केले नाही तर तासाला शेकडा पाच ते सात या हिशेबाने ती घटते. राखाडी बुचाच्या नळीत ती घट थांबवणारे द्रव्य असते खरे, पण पहिला तास-दीड तास त्याचाही अंमल पुरता बसत नाही. रविवारी सकाळी आठला काढलेले रक्त दुसऱ्या दहा सोसायट्यांतून फिरून, खराडी बायपासच्या चौकात उभे राहून दुपारी प्रयोगशाळेत पोहोचत असेल, तर उपाशीपोटीची साखर वाटेतच पातळ होते, आणि १३० चा मधुमेही १२० चा सज्जन होऊन बाहेर पडतो. एचबीएवनसीला या प्रवासाची बाधा होत नाही. साखरपाण्याच्या परीक्षेचाही मोठा दोष आहे: एकाच माणसाची ती दोन आठवड्यांच्या अंतराने केली तर आकडे हटकून वेगळे येतात. म्हणूनच लक्षणे नसताना एका आकड्यावर कोणाला मधुमेही ठरवू नये, परीक्षा पुन्हा करावी किंवा दुसरी जोडीला घ्यावी, असा वैद्यकातला दंडक आहे. घरी बोट टोचून पाहण्याचे जे यंत्र मिळते ते तर औषध चालू असलेल्या माणसाच्या रोजच्या टिपणासाठी. त्याला शेकडा पंधराची चूक माफ असते. निदानाच्या कामी ते आणणे म्हणजे भाजीच्या तराजूवर सोने तोलणे होय.

ठरल्याप्रमाणे एका शनिवारी सकाळी मी पुतणीला घेऊन साखरपाण्याच्या परीक्षेसाठी गेलो. डॉक्टरांनी तिच्याबरोबर मलाही अडकवले होते. शिबिरात माझी एचबीएवनसी ५.६ आली होती, बाण नव्हता, आणि मी तो कागद निकालपत्रासारखा घरात मिरवलाही होता. पण डॉक्टर म्हणाले, "तुमच्या वडिलांना होता, तुमची पन्नाशी उलटली आहे, आणि तुम्ही सडपातळ दिसत असलात तरी तुमचं पोट मला दिसतं आहे. तुम्हीही बसा." ते गोड पाणी अतिशय वाईट असते. लिंबू पिळू देतात, तरी घशाखाली उतरताना सत्यनारायणाचा शिरा पातळ करून पिल्यासारखे वाटते. पुढचे दोन तास चालावयाचे नाही, खावयाचे नाही; नुसते बसावयाचे. पुतणीने तेवढ्यात कचेरीची दोन कामे उरकली. मी बरोबर नेलेले पुस्तक वाचण्याचे सोंग केले.

तिचे दोन तासांनंतरचे माप ११२ आले, अगदी स्वच्छ. माझे १७१. उपाशीपोटी मी ९७ होतो. तीन आठवड्यांनी पुन्हा बसलो, तेव्हा १६३. शिबिराच्या कागदाने जिला उंबरठ्यावर उभे केले होते ती घरात सुखरूप होती, आणि ज्याला त्याने शाबासकी दिली होती तो उंबरठा ओलांडण्याच्या बेतात होता.

बारीक माणसाला हा रोग कसा, असे मला भेटेल तो विचारतो, आणि याही प्रश्नाचे उत्तर केईएमकडेच मिळते. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून त्यांनी गर्भवती स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा मागोवा घेतला. या मुलांची इंग्लंडातील साउदॅम्प्टनच्या मुलांशी तुलना केली, तेव्हा पूर्ण दिवसांच्या अर्भकाचे सरासरी वजन तिकडे साडेतीन किलो आणि इकडे २.७ किलो भरले. स्नायू कमी, पोटातील अवयव लहान. परंतु कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसण्यात कृश आणि आतून मेदस्वी असे हे बाळ जन्मतःच मधुमेहाच्या दिशेने तोंड करून येते. हीच मुले अठराव्या वर्षी तपासली तेव्हा पुष्कळांचे वजन प्रमाणापेक्षा कमी होते, आणि तरीही मुलग्यांपैकी एकतृतीयांशाहून अधिकांत साखर नेहमीपेक्षा वाढलेली आढळली. मुलींत त्याहून कमी. २००४ साली डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये आपल्या दोघांचे छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचा एकच, २२.३, शरीरातील चरबी मात्र युडकिनसाहेबांची शेकडा ९.१ आणि याज्ञिकांची २१.२. आपल्या व्याख्यानाचे उदाहरण आपणच व्हावे ही हौस फार थोड्या प्राध्यापकांना असते.

लवकर कळून उपयोग काय, हा खरा व्यवहारी प्रश्न. येथे चेन्नईचे डॉ. रामचंद्रन यांचा २००६ सालचा प्रयोग मला निर्णायक वाटतो. उंबरठ्यावरच्या लोकांचे त्यांनी गट पाडले. ज्यांना नेहमीचाच सल्ला होता त्यांतले शेकडा ५५ जण तीन वर्षांत मधुमेही झाले. ज्यांच्याकडून चालणे आणि मोजके खाणे नेमाने करवून घेतले त्यांतले ३९. सोळा माणसांचा फरक हा लहान नव्हे. आणि या प्रयोगातील माणसे निवडली होती ती साखरपाण्याच्या परीक्षेने! उंबरठ्यावर असता मागे फिरता येते, हे आपल्या लोकांत ज्या पुराव्याने सिद्ध झाले तो पुरावा त्या कंटाळवाण्या दोन तासांचा आहे. खातेवहीने शोधलेल्या माणसांना तोच लाभ तसाच होईल हे त्यावरून निघत नाही. दुसरीकडे, सरसकट सर्वांची तपासणी करीत सुटल्याने आयुष्य वाढते असे मानणाऱ्यांनी केंब्रिजचा २०१२ सालचा निष्कर्षही वाचावा: तेथे तपासणीस बोलावलेल्या आणि न बोलावलेल्या लोकांत दहा वर्षांनी मृत्यूच्या प्रमाणात फरक दिसला नाही.

मग कोणाला बसवावे? चेन्नईच्याच डॉ. मोहन यांनी २००५ साली एक साधे गणित बसवून दिले आहे. वय, कमरेचा घेर, अंगमेहनत आणि आईबापांपैकी कोणाला मधुमेह आहे काय, एवढ्या चार गोष्टींना शंभरापैकी गुण द्यावयाचे. ६० किंवा अधिक भरले तर धोका मोठा. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरला पोहोचली की गुण सुरू होतात. त्याला सुई लागत नाही, शिंप्याचा टेप लागतो. या गणिताने माझे ७० भरले, पुतणीचे २०. म्हणजे शिबिराच्या दारात टेप घेऊन बसलेल्या शाळकरी पोरानेही आम्हा दोघांना बरोबर वेगळे केले असते. आंतरराष्ट्रीय मधुमेह संघाने २०२४ साली साखरपाण्याची परीक्षा एका तासातही आटोपता येईल असे सुचवले आहे. एका तासानंतर १५५ ला उंबरठा आणि २०९ ला मधुमेह. ज्यांना दोन तास म्हणजे फार वाटतात त्यांची निदान ही सबब तरी जावी.

सबबी मात्र अक्षय असतात. पुतणीला लोहाच्या गोळ्या चालू झाल्या. चार महिन्यांनी हिमोग्लोबिन १२.१ झाले आणि साखरेच्या आहारात काडीचाही फरक केलेला नसता एचबीएवनसी आपण होऊन ५.५ वर उतरली. मी दोन्ही कागद भावाकडे पाठवले आणि मुलाकडच्यांना ते दाखवावेत असे लिहिले. भावाने तसे केलेही असते. पण पुतणी म्हणाली, "काका, ते कागद आता त्यांना नका पाठवू. सहा पूर्णांक शून्याला जे मागे सरले, त्यांना साडेपाचाला परत बोलवायचं कशाला?" भावजयीला हे पटले नाही, तिचे आणि मुलीचे अजून त्यावरून खटके उडतात. मी मध्ये पडत नाही. मी सकाळी नदीकडच्या रस्त्याने पाऊण तास चालतो, भात एक मूद घेतो, आणि कमरेचा टेप बायकोच्या शिवणाच्या डब्यातून काढून परत ठेवावयास विसरतो.

सोसायटीच्या चिटणिसांना मी एक सविस्तर पत्र दिले. यंदा प्रत्येक स्त्रीचे हिमोग्लोबिन बरोबर पाहावे, दारात टेप ठेवावा, आणि साठ गुणांच्या वर जातील त्यांच्यासाठी साखरपाण्याची वेगळी सकाळ ठरवावी, अशा तीन मागण्या होत्या. हिमोग्लोबिन मान्य झाले; त्याला खर्च थोडा येतो. टेपाला दोन सभासदांनी हरकत घेतली की, चार लोकांत कंबर मोजणे शिष्टसंमत नाही. त्यावर पडदा लावण्याचे ठरले. साखरपाण्याचा विषय पुढच्या बैठकीकडे ढकलला आहे, कारण दोन तास बसवलेल्या माणसांना उपमा केव्हा द्यावयाचा याचा निर्णय होऊ शकला नाही.